ठकूबाईसाठी दळण

फार वर्षांमागं, जेव्हा आसणदऱ्यात बैलगाडीसुद्धा उतरत नव्हती आणि पिठाची गिरणी म्हणजे काय ते कोणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा या गावात ठकूबाई नावाची बाई होती. किती वर्षं झाली ते विचारू नका. मी मोजलेली नाहीत, आणि ज्यांनी मोजली असं सांगतात ते थापा मारतात.

आसणदरा म्हणजे डोंगराच्या ओंजळीत पडलेलं गाव. तिन्ही अंगांनी कडे, आणि वर सडा, म्हणजे माथ्यावरचं सपाट कातळाचं रान. भादव्यात त्या सड्यावर असं धुकं बसतं की हातातली काठी दिसत नाही. गुरं त्यात चुकायची. माणसंही चुकायची. कड्याखाली गिधाडं उतरली की मग गावाला कळायचं, चुकलेलं कुठं गेलं ते.

ठकूबाई लग्न होऊन आली, आणि थोड्याच दिवसांत तिचा नवरा गेला. मागं राहिला धाकटा दीर सुभाना, शेंबूड पुसता न येणारं पोर. त्याला तिनंच वाढवलं. मोठा झाल्यावर त्याचं लग्न तिनंच करून दिलं, आणि घरात धाकटी जाऊ आली, चिमा.

दोघी भांडायच्या. कालवणात मीठ कोणी घातलं इथून सुरू व्हायचं ते माहेरापर्यंत जायचं. पण जात्यावर बसल्या की भांडण बंद. एका खुंट्याला दोघींचे हात, समोरासमोर तोंडं, मध्ये नाचणी. चिमा गायची, ठकूबाई नुसती ऐकायची. असं ते जातं चालायचं.

एके दिवशी दळता दळता ठकूबाईची नजर थिजली. डोळे उघडे, पण आत कोणी नाही. हात मात्र फिरत होता. चिमाला वाटलं, डुलकी लागली.

"अक्का, झोपायचं असेल तर आडवी हो. बसून झोपतात ती म्हसरं."

चिमानं दळण संपत आणलं तेव्हा ठकूबाईच्या उजव्या पायाचा अंगठा हलला, मग पाऊल, मग सबंध अंग शहारलं, आणि ती म्हणाली, "चिमे, तुझा विळा छपरावर आहे. शाकारताना सुभाना तिथंच विसरलाय."

"तुला बसल्या जागी छप्पर कसं दिसलं?"

"मी बसले नव्हते. मी वर आढ्यापाशी होते. खाली तू दिसलीस, मी दिसले. माझा भांग पांढरा झालाय गं. मला कोणी सांगितलं नाही."

सुभाना छपरावर चढला. विळा तिथंच होता.

तिथून हे सुरू झालं, असं म्हणतात. अंगावरून लुगडं घसरावं तसं माझं अंगच घसरतं, असं ठकूबाई सांगायची. आधी ते आपोआप व्हायचं. मग तिनं मुद्दाम करून पाहिलं. कधी जमायचं, कधी नाही. भिंतीला टेकून बसायची, चिमाला दळायला लावायची, घरघरीत कान घालायची, आणि बघता बघता निघून जायची. पहिल्यांदा उंबऱ्यापर्यंत, मग पाणवठ्यापर्यंत, मग थेट सड्यावर. धुकं तिला आडवं येत नव्हतं. पाटलाची गाभण गाय तिनं अशीच शोधली, करवंदीच्या जाळीत शिंगं अडकलेली. एक लमाण तांडा वाट चुकून कड्याच्या तोंडावर बसला होता, तोही तिनं बसल्या जागेवरून दाखवला आणि गावानं जाऊन आणला. त्यानंतर या खोऱ्यात कोणाचं काही चुकलं की लोक आधी ठकूबाईच्या ओसरीवर यायचे, मग देवळात जायचे.

देवळातल्या धर्मा गुरवाला ते झोंबलं. त्यानं जाहीर केलं की आपणही जाणार. गाभाऱ्यासमोर घोंगडी टाकली, धूप केला, बायकोला जात्याला जुंपली आणि आडवा झाला. सगळं गाव बघायला. थोड्या वेळानं असा घोरायला लागला की घंटेला कंप सुटला. उठला आणि म्हणाला, "काशीला जाऊन आलो."

बाळोजी पाटील समोर बसले होते. ते म्हणाले, "काशीपर्यंत दिसलं, आणि तुझ्या उशाचा नैवेद्य शेळीनं खाल्ला तो दिसला नाही होय?"

धर्मा पुन्हा त्या वाटेला गेला नाही. गावात आणखीही काहींनी करून पाहिलं. कोणाचं डोकं दुखलं, कोणाला नुसती भूक लागली.

ठकूबाईचं जाणं मात्र खरं होतं, म्हणूनच त्यात धोका होता. ती सांगायची, अंगाबाहेर गेलं की सगळं दिसतं, पण जवळचं कोणतं आणि लांबचं कोणतं ते कळत नाही. माणसाची हाक पोचत नाही. कुत्र्याचं भुंकणं पोचत नाही. पोचते ती फक्त आपल्या जात्याची घरघर, कारण तो दगड याच डोंगराच्या पोटातला. त्या आवाजाला धरून ती परत यायची. गाईला दावं असतं, तसा तिला तो आवाज. म्हणून ती गेली की चिमानं हात थांबवायचा नाही. खांदा दुखो, पोर रडो, दारात सोयरा येवो. चिमा दळत राहायची आणि गायची:

घास घालिते जात्याला, मूठ मूठ नाचणीची
वाट पाहते दळीत, माझ्या भांडखोर जावंची

गाणं तिकडं ऐकू जात नाही हे तिला ठाऊक होतं. तरी गायची.

आता या खोऱ्याची एक रीत सांगतो, ती नीट ऐका, कारण पुढं सगळं तिच्यामुळं घडलं. गावात मढं असलं की इथं प्रत्येक जात्याचा खुंटा उपसून ठेवायचे. चूल सगळीकडंच बंद असते. खुंटा काढायची रीत इकडचीच. म्हणायचे, घरघर ऐकली की मेलेल्याला वाटतं घर आपल्याला बोलावतंय. मग तो पुढची वाट सोडतो आणि दारात बसून राहतो, ना इकडचा ना तिकडचा. म्हणून लोक अग्नी देऊन, आंघोळी करून परत येईपर्यंत गावात दगडावर दगड फिरायचा नाही. पाटलापासून महारवाड्यापर्यंत सगळे ही रीत पाळत.

वर्षं गेली. ठकूबाई खंगत चालली. गाव तिला सोडत नव्हतं. आधी गुरं होती, माणसं होती. मग लोक यायला लागले पैंजण शोधायला, कोंबडं शोधायला, शेजाऱ्यानं बांध कोरला का ते बघायला. फुकटात मिळतंय म्हटल्यावर माणूस दुसऱ्याचा जीवसुद्धा वापरतो. ती परत यायची तेव्हा अंग गार पडलेलं असायचं. जेवणात चव कळेना. एकदा तर परत आली आणि चिमाकडं बघून म्हणाली, "तू कोणाची गं?"

त्या दिवशी चिमा रडली. तिनं ठकूबाईला हात धरून गावदेवीपुढं नेलं आणि शपथ घ्यायला लावली, की आता जायचं नाही, कोणी पाया पडलं तरी नाही.

"आणि गेलेच तर?" ठकूबाईनं विचारलं.

"तर माझं मेलेलं तोंड बघशील."

ठकूबाईनं शपथ घेतली. ओसरीवर येणाऱ्यांना चिमा केरसुणी घेऊन वाटेला लावायची. दोन पावसाळे बरे गेले. ठकूबाईच्या तोंडाला चव आली, आणि मिठावरून पुन्हा भांडणं सुरू झाली.

मग भादव्यात सुभाना म्हैस शोधायला सड्यावर गेला, तो आला नाही.

म्हैस आपली आपण घरी आली. सुभाना नाही. धुकं असं की गावातल्या गावात माणसं एकमेकांवर आदळत होती. पाटलांनी माणसं वर धाडली, ती ढोल वाजवत फिरली आणि हात हलवत परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. चिमा उंबऱ्यात बसून होती. तिनं ठकूबाईकडं बघितलं, मग जात्याकडं बघितलं, आणि मान खाली घातली.

"बोल की," ठकूबाई म्हणाली.

"मी कोणत्या तोंडानं बोलू. शपथ मीच घातली."

"ती घातलीस ती गुरांसाठी, गावासाठी. सुभानाला मी अंगाखांद्यावर वाढवलाय. तू नको म्हणाली असतीस तरी गेले असते." असं म्हणून ती भिंतीला टेकून बसली. "सकाळ आहे तोवर जाते. सूप भरून घे. आणि गाताना मला भांडखोर म्हणू नकोस."

चिमा दळायला बसली. ठकूबाईला वेळ लागला नाही. नजर थिजली, आणि ती गेली.

ती सड्यावर शोधत होती, आणि सुभाना सड्यावर नव्हता. पाटलाच्या माणसांना तो कड्याखाली सापडला, ओढ्याच्या तोंडाशी. कालच संपला होता. त्यांनी त्याला घोंगडीत बांधून बांबूवर घेतला आणि गावात आणला. ठकूबाई ज्याला वर हुडकत होती, तो खाली स्वतःच्या दारात येऊन पोचला. आणि तिला हे सांगायचं कोणी, सांगायचं कसं?

अंगणात रड उठली. चिमानं ऐकलं. बायका आत आल्या, पुढं गिरजा म्हातारी, गावात बाळंतपणंही तीच करायची आणि मयताचं सगळंही तीच बघायची.

"चिमे, ऊठ बाई. सुभाना आलाय गं असा."

चिमा उठली नाही. तिचा हात फिरतच होता.

"अगं, कुंकवाचा धनी दारात पडलाय, आणि तू घास कसले घालतेस?"

"अक्का बाहेर आहे," चिमा म्हणाली. "मी उठते. रडते, बांगड्या फोडते, तुम्ही सांगाल ते सगळं करते. आधी तिला येऊ द्या."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. दुःखानं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं. कोणी पाटलांना बोलावलं. पाटील वाईट माणूस नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. ते उंबऱ्यात उभे राहिले आणि हळू बोलले.

"पोरी, जातं थांबव. दारात मढं आहे."

"थोडं थांबा, पाटील. येईल ती. येतेच आहे."

"ती येईल तशी येईल. पण घरघर चालू राहिली तर सुभाना कुठं जाईल? इथंच बसेल. तुझ्या चुलीपाशी बसेल, तुझ्या पोराच्या पाळण्यापाशी बसेल, आणि त्याला ना खाता येईल ना जाता येईल. असं पाहिजे का तुला?"

चिमानं पाटलांच्या पायांमधून बाहेर बघितलं. घोंगडीतून सुभानाचा हात बाहेर आला होता.

इथं लोक दोन तऱ्हेनं सांगतात. कोणी म्हणतं, गिरजा म्हातारीनं चिमाची बोटं एकेक करून खुंट्यावरून सोडवली. कोणी म्हणतं, चिमानं ती आपणच सोडली, नवऱ्याचं तोंड एकदा बघावं म्हणून. चिमानं मरेपर्यंत यातलं खरं कोणतं ते सांगितलं नाही.

पाटलांनी वाकून खुंटा उपसला. जातं थांबलं.

त्याच वेळी ठकूबाईच्या पायाचा अंगठा हलला होता, असं म्हणतात. गिरजा म्हातारीनं तो डोळ्यांनी बघितला. अंगठा हलला, पाऊल हलायला लागलं, आणि मग सगळं निपचित पडलं. दारापर्यंत आलेली बाई होती ती. एक घास आणखी दळला असता तर आत आली असती. म्हातारी पुढं आयुष्यभर हे सांगत फिरली. तेव्हा मात्र ती बोलली नाही. वाऱ्यानं लुगड्याचा काठ हलला असेल, असं तिला वाटलं.

जी घरघर मेलेल्याला अडवते तीच जित्याला घरी आणते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण दोन्ही एका घरात, एकाच वेळी येतील, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. रीत पाळणारी माणसं रीत पाळतात. त्यांना दुसरं काही सुचत नाही.

सुभानाला अग्नी दिला. चितेचा धूर आधी सरळ वर गेला, मग वळला आणि घराकडं आला, आणि छपराभोवती फिरून सड्यावर निघून गेला. बघणारे म्हणतात, धुराची एक रेघ नव्हती. दोन होत्या, एक पुढं, एक मागं. पोराला एकटं कसं पाठवायचं म्हणून ठकूबाई थोडं पोचवायला गेली असेल. मागं तिला वळवणारा आवाज नव्हता.

माणसं आंघोळी करून आली तसा पाटलांनी स्वतःच्या हातानं खुंटा ठोकून बसवला. चिमा ओल्या लुगड्यानं दळायला बसली. ठकूबाईचं अंग भिंतीशी तसंच होतं, श्वास चालू, पण वातीएवढा. चिमा घास घालत होती, अंगठ्याकडं बघत होती. घरातली नाचणी संपली. तेव्हा शेजारणीनं सूपभर आणून ओतली. मग दुसऱ्या आळीतून आली. मग पाटलाच्या घरून पोतं आलं. ज्या बायकांनी चिमाला उठवलं होतं त्याच पाळीपाळीनं तिच्यासमोर बसून खुंट्याला हात लावत होत्या. गावाचं वर्षाचं धान्य त्या जात्यात गेलं. दगड झिजून झिजून भाकरीएवढा पातळ झाला, असं म्हणतात, आणि पीठ उंबऱ्याबाहेर सांडून वाट राखाडी झाली.

ठकूबाई आली नाही.

चिमा तिला चमच्यानं पेज पाजायची, केस विंचरायची, आणि तिच्याशी भांडायची. "बस तिकडं ऐटीत. इथं काम करायला मी आहेच." दिवाळीच्या सुमाराला तो श्वासही थांबला.

तेव्हा गावात पुन्हा मढं झालं, आणि पुन्हा रीत आली. पाटील ओसरीवर आले. त्यांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. चिमा जात्यापाशीच होती.

"याच्या खुंट्याला आज कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"चिमा, आता येऊन ती राहणार कुठं? अंग तर आपण जाळणार."

"नसेना राहत. दाराशी येऊ दे. मला चार शिव्या देऊ दे, हात का सोडलास म्हणून विचारू दे, आणि मग जाऊ दे तिला जायचं तिकडं. न विचारता गेली तर मी कोणाला सांगू?"

बाहेर तिरडी बांधून झाली, माणसं खोळंबली. पुरुष दळायला बसला तर मिशा झडतात, असं या खोऱ्यात सांगत. पाटील उठले, आत आले आणि चिमासमोर मांडी घालून बसले. त्यांनी खुंटा धरला.

"उलटं फिरवताय, पाटील," चिमा म्हणाली.

"मला काय कळतंय. तू सांग, मी फिरवतो."

ठकूबाईची तिरडी उचलली ती अशी, मागं जातं चालू असताना. पाटील मसणात गेले नाहीत. सगळे परत येईपर्यंत ते दळत होते. हाताला फोड आले, ते फुटले, तरी दळत होते. त्या दिवशी दारात कोणी आलं का, कोणी काही बोललं का, हे त्या दोघांनाच ठाऊक. त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

तेव्हापासून आसणदऱ्यात ही चाल आहे. मयत झालं की बाकीच्या जात्यांचे खुंटे काढतात, पण एक जातं चालू ठेवतात, आणि ते गावचा जो मोठा असेल त्यानं फिरवायचं. पूर्वी पाटील फिरवायचे, आता सरपंच. खांदा द्यायला तो जात नाही. घरोघरी गिरणीचं पीठ आलं, नव्या सुनांना जातं म्हणजे शोभेची वस्तू वाटते, तरी हे एक जातं आम्ही छिन्नीनं टाकी लावून धड ठेवलंय. खालच्या गावचे हसतात. म्हणतात, आसणदऱ्याची भुतं घर सोडत नाहीत, तिकडं पोरी देऊ नका. नका देऊ. मध्ये एकदा बाई सरपंच झाली. लोक म्हणाले, बरं झालं, हिला दळता तरी येईल. ती म्हणाली, बायकांनी पुष्कळ दळलंय, आणि स्वतः खांदा द्यायला गेली, नवऱ्याला जात्यावर बसवून.

त्या पिठाची भाकरी कोणी करत नाही. ते सड्याच्या वाटेवर टाकतात, मुंग्या नेतात.

गाणं म्हणायला सरपंचाला येत नाही. ओव्या आता कोणालाच येत नाहीत. तो खाली मान घालून दगड ओढतो, धाप लागते, कपाळाचा घाम पिठात पडतो. बाहेर मयत निघालेलं असतं, रड चाललेली असते. आणि आत, ज्याची हाक तिकडं ऐकू जात नाही हे त्यालाही ठाऊक आहे, असा तो माणूस हळू आवाजात म्हणत असतो, "ठकूबाई, इकडं. इकडं, बाई."